सानुल्लिमची पहिली तबकडी (१९७७): तीन भावांचा घरगुती रॉक

मंद्रसप्तक

कोरियन मालिका आवडीने पाहणाऱ्या मंडळींना किम चांग-वान यांचा चेहरा ओळखीचा असेल. ‘माय लव्ह फ्रॉम द स्टार’मधला नायकाचे गुपित जपणारा वयस्क वकील आणि ‘इट्स ओके टू नॉट बी ओके’मधला मनोरुग्णालयाचा काहीसा विक्षिप्त प्रमुख, या दोन्ही भूमिका त्यांच्या. याच गृहस्थांनी वयाच्या तेविसाव्या वर्षी आपल्या दोन धाकट्या भावांना बरोबर घेऊन जी पहिली तबकडी काढली, तिच्यावाचून कोरियन रॉकचा इतिहास सांगता येत नाही, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. ती तबकडी कशी घडली, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

वाद्यवृंदाचे नाव सानुल्लिम, म्हणजे डोंगरात घुमणारा प्रतिध्वनी. थोरले चांग-वान गिटार वाजवत आणि गात, मधले चांग-हून बेस वाजवत आणि गात, धाकटे चांग-इक ड्रमवर बसत. तिघांचे जन्म अनुक्रमे १९५४, १९५६ आणि १९५८ सालचे. त्यांचे घर सोलमध्ये हान नदीच्या दक्षिणेला हुक्सोक-दोंग भागात होते आणि गाणी रचण्याचे व बसवण्याचे सारे काम त्या घरातच चाले. चांग-वान सोल राष्ट्रीय विद्यापीठात रेशीमशास्त्र शिकले. संगीताचे रीतसर शिक्षण नाही, हॉटेलात किंवा क्लबात वाजवण्याचा अनुभव नाही, कोणा उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी नाही, अशा अवस्थेत या भावांनी काही वर्षे फक्त एकमेकांसाठी गाणी रचली. गाणी इतकी साठली होती की पहिली तबकडी डिसेंबर १९७७ मध्ये आली आणि १९७८ या एकाच वर्षात तिच्यामागोमाग आणखी दोन निघाल्या.

हे सगळे कोणत्या काळात घडत होते, ते लक्षात घेतल्याशिवाय या तबकडीचे नवल नीट कळत नाही. दक्षिण कोरियाचे हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष पाक चुंग-ही यांच्या राजवटीने मे १९७५ मध्ये आणीबाणीचा नववा हुकूम काढला आणि त्याच वर्षी गाण्यांच्या ‘शुद्धीकरणा’ची मोहीम हाती घेतली. दोनशेहून अधिक कोरियन गाण्यांवर बंदी आली. डिसेंबरमध्ये गांजाचे प्रकरण उघडकीला आणून अनेक गायक-वादकांना पकडण्यात आले आणि कोरियन रॉकचे जनक मानले जाणारे शिन जुंग-ह्यन तुरुंगात गेले. अमेरिकेच्या आठव्या सेनेच्या तळांवर वाजवून तयार झालेली, नंतर सोलच्या क्लबांमधून नावारूपाला आलेली वादकांची अख्खी पिढी त्या एका हिवाळ्यात मंचावरून नाहीशी झाली. त्यांच्या मागे रेडिओवर उरली ती कोणालाही न खुपणारी गाणी.

ही पोकळी भरून काढण्याची संधी विद्यार्थ्यांना मिळाली. एमबीसी या प्रसारण संस्थेने ३ सप्टेंबर १९७७ रोजी महाविद्यालयीन गीतस्पर्धेचा पहिला महोत्सव भरवला. किम भावांनी ‘मुई’ या नावाने त्यात भाग घेतला, ‘मुन जोम योरोज्वो’ (‘दार जरा उघड ना’) हे गाणे सादर केले आणि प्राथमिक फेरीत ते पहिले आले. पण चांग-वान यांचे पदवी शिक्षण पूर्ण झालेले असल्यामुळे ते नियमाप्रमाणे विद्यार्थी ठरत नव्हते, म्हणून त्यांना बाद करण्यात आले. त्यानंतर जे झाले ते कादंबरीत घातले तर वाचक विश्वास ठेवणार नाहीत. अंतिम फेरीत सर्वोच्च पारितोषिक मिळवले सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयातील ‘सँड पेबल्स’ या वाद्यवृंदाने, आणि त्यांनी गायलेले ‘ना ओत्तोखे’ हे गाणे रचले होते चांग-हून यांनी. भाऊ नियमावर बोट ठेवून बाहेर काढले गेले आणि त्यांच्यातल्याच एकाचे गाणे देशभर गाजले.

सोराबोल या रेकॉर्ड कंपनीचे दार त्यांच्यासाठी उघडले ते या पार्श्वभूमीवर. त्यांची मूळ इच्छा अगदी साधी होती: शिक्षण संपले, आता नोकरी आणि सक्तीची लष्करी सेवा यांत प्रत्येकाची वाट वेगळी होणार, तेव्हा इतक्या वर्षांच्या गाण्यांची आठवण म्हणून एक तबकडी असावी. कलावंत म्हणून पोट भरण्याचा विचार त्यात नव्हता, आणि माझ्या मते संपूर्ण तबकडीचा स्वभाव याच गोष्टीतून ठरला आहे. ज्याला पुढच्या तबकडीची चिंता नाही, तो श्रोत्यांना काय रुचेल याचा अंदाज घेत बसत नाही.

तबकडीत नऊ गाणी आहेत. पहिल्या बाजूला ‘आनी बोल्सो’ (‘अरे, इतक्यात?’) पासून सुरुवात करून पाच आणि दुसऱ्या बाजूला ‘पुलकोन्नोरी’ (‘आतषबाजी’) पासून ‘छोंगजा (आरिरांग)’ पर्यंत चार. ‘आनी बोल्सो’ सकाळी ऐकावे. उजाडले कधी ते कळलेच नाही, असा खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या माणसाचा आनंदी अचंबा त्यात आहे. त्याला लागूनच येणारे ‘आमा नुजुन योरुमिओस्सुल गोया’ (‘बहुतेक उन्हाळा सरत आला असावा’) हे गाणे माझ्या लेखी या तबकडीचे हृदय आहे. गिटारचा खरखरीत, लांबत जाणारा स्वर गाण्यावर जवळजवळ अखंड पसरलेला आहे आणि त्याखाली गायक कसलाही ताण न घेता, बोलल्यासारखा, एका जुन्या दुपारची गोष्ट सांगतो. वाद्य आणि गळा यांचे तापमान इतके वेगळे ठेवून दोघांना एकत्र नांदवणे हे धाडस आहे, आणि ते धाडस इथे सहज वठले आहे.

दुसऱ्या बाजूचे ‘मुन जोम योरोज्वो’ म्हणजे स्पर्धेत त्यांना पहिला क्रमांक मिळवून देणारे गाणे. दाराबाहेर उभा असलेला माणूस दार उघडण्याची विनवणी करत राहतो, आणि ती विनवणी जसजशी वाढते तसतसा ठेका अधिक हट्टी होत जातो. १९७७ साली कोरियात बंद दाराबद्दल गाणे म्हणजे राजकीय रूपकच असणार, असे नंतर काहींनी मानले. गाणे रचताना तसा हेतू होता असे मी म्हणणार नाही, पण ऐकणाऱ्यांनी त्यात आपले दार पाहिले असेल तर त्यात आश्चर्य नाही.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः वादनाच्या अंगाने कोणी लिहिले तर फार बरे होईल.

---

तंतुवेडा

लेख आवडला. वादनाच्या अंगाने विचारले आहे, म्हणून गिटारच्या त्या खरखरीत स्वराबद्दल थोडे लिहितो, कारण तबकडीची अर्धी ओळख त्यातच आहे.

त्याला फझ म्हणतात. तार छेडल्यावर गिटारमधून निघणारा विद्युत्संकेत गोलाईदार लाटांचा असतो. फझच्या पेटीतले ट्रान्झिस्टर तो संकेत इतका वाढवतात की मंडलाच्या मर्यादेबाहेर गेलेले लाटांचे माथे आणि तळ सपाट कापले जातात. या कापाकापीतून मूळ स्वरात नसलेले उपस्वर जन्माला येतात आणि स्वराला जाडी व खरखर येते. तारेचे कंपन क्षीण होऊ लागले तरी वाढवलेला संकेत बराच वेळ वरच्या मर्यादेलाच टेकलेला राहतो, त्यामुळे स्वर लवकर विझत नाही आणि सनईसारखा लांबवता येतो.

या लाभाची किंमतही मोजावी लागते. तीन-चार स्वर एकदम छेडले की प्रत्येकाचे उपस्वर एकमेकांत मिसळतात आणि सगळा गढूळ काला होतो. म्हणून फझ वापरणारा वादक बहुतेक वेळा एका वेळी एकच स्वर घेऊन ओळ वाजवतो. मग स्वरसंगतीचा पाया कोणी सांभाळायचा? तीन जणांच्या वाद्यवृंदात हे ओझे बेसवर येते. आता ‘आनी बोल्सो’ पुन्हा एकदा ऐका आणि या वेळी गिटारकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त चांग-हून यांच्या बेसचा पाठलाग करा. तो नुसता षड्ज धरून ठोकत बसलेला नाही, तो स्वतःची चाल घेऊन फिरतो आहे. ऑर्गन जिथे येतो तिथे मधली पोकळी भरतो आणि गिटारला मोकळे सोडतो. ही विभागणी पाठ्यपुस्तकातून आलेली नसेल, पण एकाच घरात वर्षानुवर्षे एकत्र वाजवल्यावर कोणी कुठे थांबायचे याची जी जाण येते, तीच इथे ऐकू येते. भाड्याने आणलेल्या वादकांना ती एका बैठकीत साधत नाही.

---

सुवोनहून

नोकरीनिमित्त काही वर्षे सुवोनला राहतो आहे, म्हणून एक स्थानिक संदर्भ जोडतो. सोल राष्ट्रीय विद्यापीठ असे नाव असले तरी त्याचे कृषी महाविद्यालय त्या काळी सोलमध्ये नव्हते, ते इथे सुवोनच्या सोदुन-दोंग भागात होते. चांग-वान यांचा रेशीमशास्त्राचा विभाग याच महाविद्यालयातला आणि ‘सँड पेबल्स’ हा वाद्यवृंदही याच महाविद्यालयाचा. हा वाद्यवृंद एका पिढीचा नव्हता. जुने विद्यार्थी बाहेर पडत आणि नवे त्यांची जागा घेत. चांग-हून स्वतः त्याच्या आधीच्या तुकडीत वाजवत आणि स्पर्धा जिंकली ती त्यांच्या नंतरच्या तुकडीने. त्यामुळे त्यांनी गाणे ‘दुसऱ्यांना’ दिले असे म्हणण्यापेक्षा आपल्याच वाद्यवृंदातल्या धाकट्यांना दिले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

२००३ साली महाविद्यालय सोलच्या मुख्य परिसरात गेले. इथल्या जुन्या इमारती बराच काळ रिकाम्या होत्या, नंतर २०१६ पासून प्रांतिक सरकारने तिथे ‘सांगसांग कॅम्पस’ नावाचे कलाकेंद्र सुरू केले. मोठमोठ्या झाडांखालून जाणारे रस्ते, विटांच्या बैठ्या प्रयोगशाळा आणि त्यांतच आता तरुण वादकांचे कार्यक्रम होतात. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन आम्ही तिथे जातो. कोरियन रॉकच्या इतिहासातला इतका मोठा तुकडा शेतकी महाविद्यालयात घडला, हे इथल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नव्हते.

---

रोखठोक_सांगलीकर

लेखकाबद्दल आदर ठेवून विरोधी मत मांडतो. तबकडी मी पूर्ण ऐकली आणि मला ती कच्ची वाटली. ठेका काही ठिकाणी डळमळतो, गायक काही जागी स्वराच्या जवळपास फिरतो पण स्वरावर बसत नाही. शिन जुंग-ह्यन यांच्या ‘योपजन’ या वाद्यवृंदाचे १९७४ सालचे ‘मीइन’ हे गाणे शेजारी ठेवून ऐकले तर पक्क्या हाताच्या वादकांत आणि हौशी मुलांत काय फरक असतो ते तत्काळ कळते. मला वाटते की थोर वादकांना सरकारने गप्प बसवले म्हणून या मुलांना जागा मिळाली, आणि आता मागे वळून पाहताना आपण त्या कच्चेपणालाच कला म्हणून मिरवतो आहोत. रिकाम्या मैदानात धावणारा पहिला येणारच.

---

मंद्रसप्तक

सांगलीकर, तुमच्या मुद्द्याचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. शिन यांची माणसे तंत्रात कितीतरी पुढे होती, ‘मीइन’मधले गिटारचे ते एक वळण कोरियन श्रोत्यांच्या कानात आजही घर करून आहे, आणि ती माणसे मंचावर असती तर सोराबोलने किम भावांना दारात उभे केले असते की नाही याची शंकाच आहे. सानुल्लिमची गोष्ट सांगताना तुरुंगात गेलेल्यांचा उल्लेख टाळला तर ती गोष्ट अपुरी राहते, म्हणूनच मी त्यापासून सुरुवात केली.

रिकाम्या मैदानाचा तर्क मात्र पुढे टिकत नाही. मैदान फक्त यांच्यासाठी रिकामे नव्हते. महाविद्यालयीन स्पर्धांतून त्या काळात कितीतरी वाद्यवृंद पुढे आले, आणि त्यांपैकी बहुतेकांची नावे आज एखाद्या गाण्यापुरती उरली आहेत. सानुल्लिमने १९९७ पर्यंत तेरा तबकड्या काढल्या आणि नंतरच्या पिढ्यांनी त्यांची गाणी पुन्हा पुन्हा गायली.

आणि कच्चेपणाबद्दल. ठेका डळमळतो हे खरे आहे, पण रचना डळमळत नाही. ‘पुलकोन्नोरी’मध्ये गाणे कुठे पसरायचे आणि कुठे आवरायचे, ‘सोन्यो’मध्ये आवाज किती खाली आणायचा, दोन्ही बाजूंची सुरुवात कोणत्या गाण्याने करायची, हे निर्णय हौशी माणूस चुकवतो. यांनी ते चुकवलेले नाहीत. हात शिकाऊ आणि कान तयार, असे काहीसे हे मिश्रण आहे. गाणी अनेक वर्षे घरात वाजत राहिल्यामुळे त्यांतले अनावश्यक भाग आधीच गळून पडले होते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत फक्त ती वाजवायची होती.

गायकीचा मुद्दा रुचीचा आहे, तरीही सांगतो. त्या काळच्या कोरियन लोकप्रिय गाण्यात स्वर हलवून, गळा भरून आणून भावना दाखवण्याची पद्धत रूढ होती. ट्रॉट या प्रकारात तर ती अजूनही आहे आणि तिथे ती शोभतेही. चांग-वान यांनी स्वर सपाट ठेवला. तसे गाणारा माणूस त्यापूर्वी तबकडीवर क्वचितच ऐकू आला असेल. जमत नव्हते म्हणून सपाट गायले असे मानले, तरी पुढे पन्नास वर्षे त्यांनी तीच गायकी जोपासली आणि ती त्यांची ओळख बनली, याचा काही अर्थ लावावाच लागेल.

---

रोखठोक_सांगलीकर

रचनेबद्दलचा मुद्दा पटला. दुसरी बाजू सलग पुन्हा ऐकली. ‘मुन जोम योरोज्वो’च्या गोंगाटानंतर ‘सोन्यो’ येते तेव्हा कानाला खरोखर विसावा मिळतो आणि हा क्रम विचारपूर्वक लावलेला वाटतो. ठेक्याबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

---

शब्दवेल

कोरियन भाषेची विद्यार्थिनी आहे, म्हणून गीतांच्या बाजूने लिहिते. ‘आमा नुजुन…’ या गाण्याचे नावच ‘बहुतेक’ने सुरू होते, आणि पहिल्या ओळीतला माणूसही ठाम काही सांगत नाही, अगदी तसेच होते असे नाही, पण ढगांवर तरंगल्यासारखे वाटत होते, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलतो. आठवणीत खात्री नसते, ऋतूही नक्की आठवत नाही, आणि हे सगळे रोजच्या बोलण्यातल्या क्रियापदांनी सांगितले आहे. प्रेमगीतात तोवर शपथा, अश्रू, बंदरावरचे निरोप, गावाकडची ओढ यांची गर्दी असे. इथे दोन माणसे उन्हात चालत आहेत एवढेच आहे, तरी ते पुरते.

याला काळाचा संदर्भ आहे. प्रत्येक गाणे प्रसिद्धीपूर्वी तपासणीसाठी सादर करावे लागत असे. १९७६ पासून हे काम ‘सार्वजनिक सादरीकरण नीती समिती’कडे होते. औदासीन्य, निराशा, परकीय अनुकरण, असल्या कारणांनी गाणी अडकत. या तपासणीतून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे सरकारला हवी तशी उत्साहाची गाणी लिहिणे. किम भावांची गाणी मात्र आकाराने इतकी लहान गोष्ट सांगतात की त्यांत अडवण्यासारखे काही सापडू नये: सकाळ, गल्ली, एक चेहरा, उन्हाळा. भीतीपोटी विषय लहान केले असे मला वाटत नाही, कारण चांग-वान यांनी सेन्सॉरशिप संपल्यावरही असेच लिहिले. तो त्यांचा पिंडच आहे. १९७९ साली त्यांनी लहान मुलांसाठी स्वतंत्र तबकडी काढली, त्यातही हाच डोळा दिसतो.

प्रसिद्धीपूर्व तपासणीची ही पद्धत गायक छोंग ते-छुन यांनी १९९० च्या सुमारास तपासणी करून न घेताच तबकड्या काढून आणि न्यायालयात लढून मोडीत काढली, आणि १९९६ साली ती कायमची गेली. विषयांतर वाटेल, पण पहिली सानुल्लिम ऐकताना तिच्या नऊही गाण्यांवरून कोणातरी अधिकाऱ्याची नजर फिरून गेली होती हे विसरता येत नाही.

---

तबकडीसंग्राहक

वेष्टनाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. त्या काळच्या कोरियन तबकडीच्या वेष्टनावर साधारणपणे गायकाचे छायाचित्र असे: सूट, कंगवा फिरवलेले केस, मागे बाग किंवा पडदा. सानुल्लिमच्या वेष्टनावर लहान मुलाने रंगीत खडूंनी काढावे तसे चित्र आहे आणि ते चांग-वान यांनी स्वतः काढले आहे. ‘सानुल्लिमच्या नव्या गाण्यांचा संग्रह’ अशा अर्थाचे साधे शीर्षक त्यावर आहे. दुकानात मांडलेल्या शेकडो गंभीर चेहऱ्यांमध्ये हे चित्र कसे उठून दिसले असेल याची कल्पना करा. गाणी ज्या घरात झाली, त्याच घरातून वेष्टनही आले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुढच्या तबकड्यांवरही चांग-वान यांची चित्रे आली आणि ती मालिका एकत्र मांडली की एकाच वहीची पाने वाटतात.

मूळ प्रत आता संग्राहकांच्याही आवाक्याबाहेर गेली आहे. सुदैवाने २०२२ साली, पंचेचाळिसाव्या वर्धापनाच्या निमित्ताने, मूळ फितींवरून नवे संस्करण करण्याचे काम सुरू झाले आणि ग्रॅमीविजेते ध्वनिअभियंता ह्वांग ब्योंग-जुन यांनी ते हाती घेतले. मी ते नवे संस्करण आणि त्याआधीची सीडी शेजारी ठेवून ऐकली. सीडीमध्ये गिटार आणि ऑर्गन एकमेकांवर चढून बसले होते. आता ऑर्गन गिटारच्या मागे स्पष्ट उभा दिसतो आणि तंतुवेडा म्हणतात त्या बेसची चाल पहिल्या ऐकण्यातच हाती लागते. ड्रमचा ठेका डळमळतो तोही अधिक स्पष्ट ऐकू येतो, हे सांगलीकरांच्या माहितीसाठी.

---

तंतुवेडा

संग्राहक, ऑर्गनबद्दलचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. फझचे उपस्वर आणि ऑर्गनचे वरचे स्वर साधारण एकाच पट्ट्यात येतात, त्यामुळे फितीच्या नकलेची नक्कल ऐकताना पहिल्यांदा बिघडते ते याच दोघांचे नाते. जुन्या रॉकच्या अनेक तबकड्या ‘गोंगाट’ म्हणून बदनाम झाल्या त्यामागे वादकांपेक्षा अशा नकला अधिक कारणीभूत आहेत.

सांगलीकरांना ड्रमबद्दल एक सुचवतो. चांग-इक तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. ‘मुन जोम योरोज्वो’मध्ये ते मीटरने मोजल्यासारखे वाजवत नाहीत; गाणारा पुढे सरकला की ते त्याच्याबरोबर सरकतात. भावाचा श्वास ओळखून वाजवलेला ठेका आहे तो. क्लिकच्या (ठेका मोजून देणाऱ्या यंत्राच्या) आवाजावर बांधलेले आजचे संगीत ऐकण्याची सवय झाल्यामुळे आपल्याला तो दोष वाटतो, इतकेच माझे म्हणणे.

---

नवीन_श्रोती

मी आययू या गायिकेची चाहती आहे आणि तिच्यामुळे या धाग्यावर आले. तिने २०१४ साली ‘नोए उइमी’ (‘तुझा अर्थ’) हे गाणे किम चांग-वान यांच्यासोबत गायले, ते सानुल्लिमचेच का? आणि ते ऐकून आवडले असेल तर पहिल्या तबकडीपासून सुरुवात करणे योग्य ठरेल का? इथले वर्णन वाचून थोडी धास्ती वाटते आहे.

---

मंद्रसप्तक

होय, ते मूळ सानुल्लिमचेच, १९८४ सालच्या दहाव्या तबकडीतले. पण त्या गाण्यातून पहिल्या तबकडीत थेट उडी मारली तर धक्का बसेल, कारण मधल्या सात वर्षांत बरेच काही बदलले होते. तिसऱ्या तबकडीनंतर दोघे धाकटे भाऊ सैन्यात गेले, मागे एकट्या चांग-वान यांनी इतर वादकांना घेऊन पुढच्या तबकड्या केल्या, आणि त्या काळात गाणी अधिक शांत, अधिक एकट्याची होत गेली. ‘नोए उइमी’ त्या वळणावरचे आहे.

माझी सूचना अशी: आधी ‘आनी बोल्सो’, मग ‘आमा नुजुन योरुमिओस्सुल गोया’ ऐका. दुसऱ्या गाण्यातला गायकाचा आवाज तुम्हाला लगेच ओळखीचा वाटेल, कारण तो आययूबरोबर गाणाऱ्या त्याच माणसाचा, सदतीस वर्षांपूर्वीचा आवाज आहे, आणि गाण्याची रीत तीच आहे. तो आवाज धरून ठेवलात की भोवतालच्या गिटारची धास्ती राहत नाही. दुसरी बाजू त्यानंतर ऐका, आणि ‘पुलकोन्नोरी’ला घाईत ऐकू नका.

पहिली तबकडी रुचली तर १९७८ ची दुसरी जरूर घ्या. तिच्यातले ‘ने माउमे जुदानुल क्काल्गो’ हे गाणे गळा सुरू होण्यापूर्वी बराच वेळ केवळ वाद्यांवर चालते, आणि त्यातला बेस ऐकल्यावर तंतुवेडा यांनी वर जे लिहिले आहे ते पूर्णपणे उमगेल. तिसऱ्या तबकडीची एक बाजू जवळजवळ एकाच गाण्याने व्यापली आहे, अठरा मिनिटांच्या आसपास. नवखे विद्यार्थी आठवण म्हणून एक तबकडी काढायला निघाले होते, आणि त्यांनी एका वर्षात इथवर मजल मारली.

---

सुवोनहून

एक दुःखद पण आवश्यक नोंद. चांग-इक यांचे जानेवारी २००८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे कामाच्या ठिकाणी अपघाती निधन झाले. त्यानंतर चांग-वान यांनी सानुल्लिम या नावाने वाजवणे थांबवले आणि ‘किम चांग-वान बँड’ काढला. तिघांपैकी एक नसताना ते नाव वापरायचे नाही, असा हा निर्णय होता. १९९९ साली तरुण वादकांनी सानुल्लिमच्या गाण्यांची ‘७७ ९९ २२’ नावाची मानवंदना तबकडी काढली, तेव्हा तिघेही हयात होते याचे समाधान वाटते. नवीन श्रोतींनी मूळ गाणी ऐकून झाल्यावर तीही ऐकावी. आपल्या आवडीच्या पिढीने ही गाणी कशी उचलली ते त्यातून कळेल.

---

नवीन_श्रोती

मनःपूर्वक आभार. पहिली बाजू ऐकली. ‘आमा नुजुन…’ दोनदा ऐकले आणि आवाज खरोखरच पहिल्या ओळीत ओळखला. ‘कोलमोक्किल’ (‘गल्ली’) या गाण्याबद्दल इथे कोणी लिहिलेले नाही, मला ते फार आवडले. त्याचे शब्द शब्दवेल यांनी समजावून सांगितले तर उपकार होतील.

---

शब्दवेल

अवश्य. पूर्ण भाषांतर इथे देणे प्रताधिकाराच्या दृष्टीने योग्य होणार नाही, पण ओळीओळीचा आशय आणि त्यातली बोलीभाषेची वळणे यांवर वेगळा धागा काढते आणि त्याचा दुवा इथे देते. पहिल्या बाजूची पाचही गाणी त्यात घेईन.